पुस्तकातला औषधवाला

आमच्या ह्यांनी तीस वर्षं गावात औषधाचं दुकान चालवलं आणि भावोजींनी एका पुस्तकात त्याचं वाटोळं केलं! ह्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक. वाचता न येणाऱ्यांच्या पुडीवर हे चित्र काढतात. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. भावोजींनी कादंबरीत हुबेहूब तेच घातलं. लहानसं गाव, एकामागून एक पाच मुडदे, आणि प्रत्येकाच्या उशाशी चंद्राची पुडी. खुनी कोण, तर औषधवाला! वर त्या कादंबरीला मोठं बक्षीस मिळालं. आता घ्या!

आधी लोक गंमत करायचे. "काय हो, आज कुणाचा नंबर?" हेही हसायचे. मग गिऱ्हाईक पुडी उलटसुलट करून बघायला लागलं. आणि आता कोपऱ्यावरच्या आजीने हार्टची गोळीच बंद केली. तिच्या सुनेने तिला अख्खं पुस्तक वाचून दाखवलं होतं, मेलीला दुसरा उद्योग नाही! आठवडा झाला, आजीचे पाय सुजलेत, धाप लागते, पण ह्यांच्या हातची गोळी नको म्हणजे नको. इकडे ह्यांना घास गिळवेना. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, दुसऱ्या दुकानातून घेईल."

"दुसरं दुकान आहे कुठे?" हे म्हणाले.

रविवारी भावोजी बक्षिसाची ढाल मिरवत आले. मी दारातच धरलं. "खुनी करायला सख्खा भाऊच सापडला?"

"अहो वहिनी, दादावर कुणालाच संशय येणार नाही, म्हणून तर!"

"आता येतोय. चला आजीकडे, आणि सगळं खोटं आहे म्हणून सांगा."

हेही औषधांची पेटी घेऊन मागोमाग आले. भावोजींनी आजीला परोपरीने समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग ह्याच्या पेटीतली एक ताकदीची गोळी तू खा बघू."

ह्यांनी गोळी काढून दिली. भावोजींनी ती तळहातावर घेतली, उलटी करून बघितली आणि म्हणाले, "कशाची आहे रे ही, दादा?"

आजी आत्ताच म्हणाली होती ना, ताकदीची! माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांनी भावाच्या तळहातावरून गोळी उचलली आणि पाण्याशिवाय स्वतःच गिळली.

आजीने ह्यांच्यापुढे हात पसरला. मग म्हणाली, "दे रे बाबा, माझी दे."