दादा रडला, तो सिनेमा

सिनेमाचं तिकीट चार आणे होतं. आम्हाला त्याची किंमत पडली सख्खी बहीण.

काल माझा थोरला भाऊ गेला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता. सकाळपासून फॅमिली ग्रुपवर 'देवमाणूस', 'मायेचा सागर' असं चाललंय. चालू द्या. मी त्याचा धाकटा भाऊ, ऐंशी वर्षं त्याला बघतोय.

ज्यांना मेलेल्या माणसाबद्दल गोडच वाचायचं असेल, त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. अर्नाळ्याजवळ आमची केळीची वाडी. वडील गेलेले, आई अंथरुणावर, कारभार दादाकडे. मधली आक्का. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच तिचा नवरा तापाने गेला आणि ती माहेरी आली. मी धाकटा, एकोणीसचा.

दिवस उजाडला की आक्का रहाटाला रेडा जुंपायची. पाटाचं पाणी केळींना फिरवायची. ऊन चढलं की सोललेली केळी सुकेळीसाठी चटईवर मांडायची.

दादा ओट्यावर पान चघळत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "विधवा बहीण सांभाळतोय."

कोण कोणाला सांभाळत होतं ते आख्ख्या आळीला दिसत होतं.

माझे कान तेव्हापासून तिखट. प्रत्येक वाडीच्या रहाटाचा आवाज वेगळा. डोळे मिटून सांगावं, कोणाचा चाललाय. आमचा रडका. एके दिवशी तो रडायचा थांबला.

बघायला गेलो तर शेजारच्या नंदाखाल गावचा नारायण रहाटाच्या कण्याला तेल घालत होता. रहाट दुरुस्त करणं हे त्याचं काम. बायको बाळंतपणात गेलेली.

"काय रे, परवाच तर येऊन गेलास?"

"एक मडकं फुटलं होतं."

"दोन," आक्का म्हणाली. आणि हसली.

आमच्या रहाटाची मडकी इतकी कधी फुटली नव्हती. आणि आक्काचं हसणं मी विसरूनच गेलो होतो. काय समजायचं ते समजलो.

त्याच हिवाळ्यात अर्नाळ्याच्या वाळूवर तंबूतला सिनेमा आला. नवरा गेलेली बाई, बायको गेलेला मास्तर. आधी दोघांचं आपापलं दुःख, मग हळूहळू सूर जुळणं, मग गावाचा विरोध, शेवटी लग्न. बायका एका बाजूला बसलेल्या, आम्ही दुसऱ्या.

त्या बाईने मास्तरला हार घातला आणि आमचा दादा ढसाढसा रडला. धोतराच्या सोग्याने नाक पुसत शेजारच्याला म्हणाला, "समाजाला काळीज नाही रे!"

तीन दिवस रोज गेला. तिन्ही दिवस रडला. वर गावभर सांगितलं, "आपलं काळीज लोण्याचं."

मी आक्काला म्हटलं, "हीच वेळ आहे. लोणी वितळलंय. सांगून टाक."

ही माझी चूक. पुढे पंपाचं दुकान शून्यातून उभं केलं ते माणसं ओळखूनच. पण घरातलाच माणूस ओळखता आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकेळीच्या चटईपाशी तिने सांगितलं. "दादा, नारायणने विचारलंय. मला लग्न करायचंय."

"सिनेमा बघून अक्कल गहाण टाकलीस काय?"

"तू रडलास ना दादा. रोज."

"ती बाई पडद्यावरची! ती गेली तर माझा रहाट बंद पडत नाही!"

तोंडातून निघालं ते हे. अब्रू, घराणं, वाडवडील हे सगळं त्याला नंतर सुचलं. आधी रहाट.

आक्का हात धुऊन उठली. नेसत्या लुगड्यावर निघाली. देवळात लग्न लागलं, तिच्या बाजूने मी एकटा.

ती निघाली तेव्हा दादा बांधावर उभा राहून ओरडला होता. आळीतल्या प्रत्येकाने ऐकलं.

"ही विहीर सात पिढ्या आटायची नाही! पण सुमने, मरताना घोटभर मागायला आलीस तरी तुला थेंब नाही!"

ती आली नाही. एकदाही नाही.

आई गेली तेव्हा दादाने तिला कळवलंच नाही. मी तिच्यापर्यंत पोचलो तोवर चिता थंड झाली होती. हे मी विसरलेलो नाही. कमेंटमध्ये मला कोणी समजवायला येऊ नये.

पुढे पंप आले. दादाने माझ्याच दुकानातून एक नेला. मग दुसरा न्यायला आला.

"दादा, खाडी जवळ आहे. एका विहिरीला दोन पंप लावलेस तर गोडं पाणी संपेल, खारं आत येईल."

"मला शिकवतोस, पंपवाल्या? सात पिढ्यांची विहीर आहे ती!"

मग मीही दिला. धंदा आहे.

चार उन्हाळ्यांत पाणी मचूळ झालं, मग खारट. केळी बसल्या. तरी ओट्यावर बसून तो सात पिढ्यांचंच सांगत राहिला.

आमच्याकडे शेवटची आंघोळ विहिरीच्या गोड्या पाण्याची. टँकरचं चालत नाही. काल पुतण्या रिकामे ड्रम घेऊन माझ्या तोंडाकडे बघत उभा. मी टेम्पो काढला आणि नंदाखालला गेलो.

आक्का आता पंच्याऐंशीची. नारायणभावजींना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या वाडीत अजून एकच पंप, तोही दिवसाआड चालतो.

सांगितलं. ती उठून टेम्पोपाशी आली.

"ड्रम धुतलेस का?"

"धुतलेत."

"परत धू."

दादा, तू गेलास. मला रडू आलं नाही. एखाद्या सिनेमात येईल कदाचित. माझ्याकडून तुला हा एवढाच निरोप.

तुझी शेवटची आंघोळ आक्काच्या विहिरीच्या पाण्याने झाली.