बिअर उकळणारे भाऊजी

घरी बिअर करायची आणि जन्मात तिचा एक घोटही घ्यायचा नाही, असा माणूस ॲन आर्बरमध्येच काय, सगळ्या अमेरिकेत शोधूनही दुसरा सापडला नसता. हे गृहस्थ आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे. माझ्या यजमानांचे मित्र, मूळचे नागपूरचे, युनिव्हर्सिटीच्या कुठल्याशा लॅबमध्ये नोकरी, आणि एकटा जीव. मी त्यांना भाऊजी म्हणायची. म्हणजे मनातल्या मनातच म्हणायची, कारण चारचौघांत तोंड उघडायची माझी तेव्हा छाती नव्हती. चौथी शिकलेली बाई मी. इंग्रजी येत नाही, गाडी येत नाही. येत होत्या त्या फक्त पोळ्या. कुणाकडे बारसं असो की वाढदिवस, पोळ्या माझ्याकडे असायच्या. 'मऊ पोळ्यांच्या वहिनी' एवढीच माझी त्या गावात ओळख, आणि मला ती पुरत होती.

ऐंशी सालानंतरची, आम्ही नवे होतो तेव्हाची गोष्ट. भाऊजींना लॅबमधल्या कुणा अमेरिकन माणसाने घरी बिअर करायला शिकवलं आणि तेव्हापासून त्यांचा प्रत्येक शनिवार त्या एका भल्या मोठ्या पातेल्यात जाऊ लागला. मोड आलेल्या जवाचा काकवीसारखा दाट पाक पाण्यात घालायचा, त्यात कसलीशी कडू फुलं टाकायची आणि उकळत बसायचं. सगळ्या जिन्यात कडुनिंब आणि गूळ एकत्र शिजवल्यासारखा वास सुटायचा. तयार झालेल्या बाटल्या ते मित्रांना वाटून टाकायचे. स्वतः का घेत नाही, असं यजमानांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "यार, पिणारे पुष्कळ आहेत, नीट उकळणारा कोण आहे?"

नीट उकळणं म्हणजे कुणाला न भाजता उकळणं. भाजण्याची त्यांना इतकी धास्ती होती की चहासुद्धा थर्मामीटर बुडवून, आकडा पटला तरच प्यायचे. शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा तर लग्नघरापेक्षा जास्त नियम. पायांत बूट पाहिजेत. अंगावर सुती कपडा पाहिजे, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू एकदा नवी नायलॉनची साडी नेसून कौतुकाने बघायला आल्या, तर त्यांना दारातूनच साडी बदलायला परत पाठवलं. काकू महिनाभर बोलल्या नाहीत. पातेल्याचे कान आतल्या बाजूला वळवलेले पाहिजेत. धरायची फडकी कोरडी पाहिजेत. त्यासाठी ते दोरीवरून काढलेलं फडकं आधी गालाला लावून बघायचे. पाक ओतायच्या आधी शेगडी बंद. आणि भरलेलं गरम पातेलं उचलायचं नाही म्हणजे नाही. निववायला लोक पातेलं बाहेरच्या बर्फात नेतात. भाऊजी बादल्या भरभरून बर्फ आत आणायचे, टबात रचायचे, आणि पातेलं किती निवलं ते बघत पोथीसमोर बसल्यासारखे बसायचे. यजमान त्यांना चिडवायचे, की एवढी काळजी बायको शोधताना घेतली असती तर आज लग्न झालेलं असतं. भाऊजी हसायचे आणि पुन्हा थर्मामीटर बघायचे.

एका थंडीतल्या शनिवारी यजमानांबरोबर मीही खाली गेले होते, डब्यात पोळ्या घेऊन. काकूही होत्या, सुती साडी नेसून, रागावलेल्याच. भाऊजींनी फुलं टाकली, ढवळलं, आणि टबात घालायला बर्फ आणावा म्हणून मागच्या दाराने बाहेर गेले. जाताना यजमानांना पातेल्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. यजमानांनी लक्ष ठेवलं ते काकूंच्या गप्पांवर. मी बघत होते. फेस वर येऊ लागला. हाक मारायला हवी होती. पण परक्या घरात बाईमाणसाने मोठ्याने ओरडायचं कसं, ते मला जमलं नाही. आणि दूध उतू जाताना बघून आपल्याकडची कुठली बाई विचार करत उभी राहते? मी पदर हातावर घेतला आणि पातेलं धरून ओढलं. पदर भांड्यांच्या पाण्याने ओला होता. त्यातून चटका आत शिरला, हात झटकला गेला आणि तो उकळता पाक उजव्या तळव्यावर, बोटांवर, मनगटापर्यंत सांडला.

भाऊजी बर्फाची बादली दारातच टाकून आले. शेगडी बंद केली, मला सिंकपाशी नेलं आणि हात नळाच्या धारेखाली धरला. तो पाक चिकट असतो, धुऊन जाईपर्यंत भाजतच राहतो. यजमान घाबरून ओंजळभर बर्फ घेऊन आले, काकू तूप कुठे आहे विचारू लागल्या, मग टूथपेस्टवर आल्या. भाऊजींनी दोघांनाही हात लावू दिला नाही. बर्फाने कातडी आणखी जाते आणि तुपाने आग आत कोंडते, साधं गार पाणी पुरे, असं ते त्यांना बजावत होते, आणि हात धारेखालून हलू देत नव्हते.

मग ते म्हणाले, बांगड्या काढा. मी मूठ आवळली. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, आईने निघताना भरलेल्या. नवरा समोर उभा आणि मी हात मोकळा करू? दुखण्याने नव्हे, पण मला तेव्हा रडू फुटलं. पोळ्यांचा हात तो. तो वाकडा झाला तर या देशात माझं काम काय, हेही तेव्हाच मनात येत होतं, आणि तरी मूठ सुटत नव्हती.

भाऊजी अगदी हळू बोलले. "वहिनी, हात आता सुजणार. मग डॉक्टर त्या कापतील. एकही वाढवायची नाही. या हातातल्या त्या हातात घालायच्या. तुमच्याच अंगावर राहतील."

मी मूठ सोडली. वाहत्या पाण्यातच त्यांनी यजमानांना एकेक बांगडी उतरवायला लावली आणि लगेच माझ्या डाव्या हातात चढवायला लावली. कोपरापर्यंत हिरवा झालेला तो हात बघून काकूसुद्धा हसल्या. बऱ्याच वेळाने धार बंद झाली, हातावर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळलं गेलं आणि भाऊजींनी गाडी काढली. डॉक्टर काय म्हणाले ते यजमानांनी मला नंतर सांगितलं: लगेच पाणी मिळालं, बांगड्या वेळेवर निघाल्या, म्हणून बोटं वाचली. फोड फोडू नका, आणि बरं झालं की रोज मूठ वळून बघा.

हात बरा व्हायला उन्हाळा आला. तोवर पोळ्या भाऊजी लाटायचे, मी बाजूला बसून सांगायची. माझा आवाज त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला असेल. त्यांच्या पोळ्या कशा व्हायच्या ते न लिहिलेलंच बरं. यजमान त्या मुकाट्याने खायचे. रोज जाताना भाऊजी "मूठ?" एवढंच विचारायचे आणि मी मिटून दाखवायची.

पुढे त्यांना टेक्सासात नोकरी लागली. आभार कसे मानायचे ते मला ना मराठीत जमलं ना इंग्रजीत. फोन आला की यजमानांशी बोलून झाल्यावर ते मला मागून घ्यायचे. फोनवर मूठ दिसत नाही, म्हणून मी म्हणायची, "वळते, भाऊजी." तेवढंच आमचं बोलणं.

गेल्या वर्षापासून फोन येत नाही. येणारही नाही, त्यांच्या भाच्याने कळवलं. कणकेत हात घालण्याआधी मी अजून एकदा मूठ मिटते, उघडते. वळते.