डोळ्यांतला एकच ठिपका

माझ्या पुढच्या खोलीत, घड्याळाच्या खाली, ताईचा फोटो लावलेला आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्यापाशी थांबतो आणि विचारतो, "ह्या कोणाकडे बघताहेत?" कारण ताई कॅमेऱ्याकडे बघतच नाही. ती स्वतःच्या उजवीकडे, चौकटीच्या बाहेर बघते आहे. खालचा ओठ असा, की आत्ताच काहीतरी बोलून झालंय आणि हसू यायचं बाकी आहे. ती कोणाकडे बघते आहे हे मला पक्कं ठाऊक आहे, पण मी सगळ्यांना सांगत नाही. माणूस बघून ठरवते.

फोटो सुंदर आहे असं मी म्हटलं की नवखा माणूस जरा घुटमळतो. ताईच्या डाव्या अंगाने उजेड आला आहे, आणि असा आडवा उजेड कोणाची भीड ठेवत नाही. सातव्या वर्षी तिला देवी आल्या होत्या. त्यांचे वण कपाळापासून हनुवटीपर्यंत एकूण एक मोजता येतील इतके स्पष्ट दिसतात. कुंकू काळं आलं आहे, कारण त्या काळी फोटो ज्या काचांवर घेत त्यांना लाल रंग दिसतच नसे. केस घट्ट मागे ओढलेले, कानात कुड्या, मान ताठ. मांडीवर ठेवलेले हात सैल आहेत. फोटोला बसलेल्या माणसाचे हात खोटं बोलत नाहीत. इतरांच्या फोटोंत बघा, बोटं एकमेकांना धरून बसलेली असतात.

हे असं बघायला मला माझ्या मुलाने शिकवलं. त्याला पुढे कॅमेऱ्याचं वेड लागलं. तो म्हणाला, "आई, उजेड कुठून आला ते कळायला हवं असेल तर डोळ्यांतले चमकते ठिपके बघ. जेवढे उजेड तेवढे ठिपके." तेव्हापासून मी कोणाचाही फोटो हातात आला की आधी ठिपके बघते. ह्या फोटोत ताईच्या प्रत्येक डोळ्यात एकच ठिपका आहे.

माझ्या ट्रंकेत तिचा आणखी एक फोटो आहे. त्यात डोळ्यांत दोन-दोन ठिपके आहेत आणि गालावर एकही वण नाही. तोच आधी काढला होता.

सन तीस-एकतीसच्या सुमाराची ही गोष्ट. आमचे वडील रत्नागिरीच्या कोर्टात कारकून. ताईला अठरावं लागून गेलं होतं, म्हणजे तेव्हाच्या बोलण्यात घोडनवरीच. दोन स्थळं घरी येऊन, पोहे खाऊन, पत्रिकेचं निमित्त सांगून गेली होती. पोहे ताईच करायची. दुसऱ्या खेपेनंतर ती म्हणाली, "आता पुढच्यांना आधी मला दाखवा आणि मग पोहे द्या. फुकट जातात." आई पदराने डोळे पुसत होती, तीसुद्धा हसली. मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. तिचं झाल्याशिवाय माझं होणार नव्हतं, हे घरात कोणी बोलत नसे आणि सगळ्यांना माहीत होतं.

तिसरं स्थळ मुंबईचं आलं. मुलगा एका गिरणीच्या कचेरीत नोकरीला होता. त्यांच्या घरचं कोकणात कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे मुलगी बघायला येणार कोण? त्यांनी पत्रिका आणि फोटो मागवला. पसंत पडलं तर वैशाखात, पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आत, लग्न उरकायचं होतं.

रामआळीच्या टोकाला एका माडीवर फोटोवाल्यांचा स्टुडिओ होता. छपराच्या एका अंगाला मातीच्या कौलांऐवजी काचेची कौलं घातलेली, आणि त्यांच्याखाली दोरीने सरकणारे पडदे. वडील, ताई आणि मी, असे तिघे गेलो. ताईला त्यांनी थेट काचेच्या कौलांकडे तोंड करून बसवलं आणि बाजूला चौकटीवर ताणलेली पांढरी चादर उभी केली. "सावली पडता कामा नये," ते म्हणाले. लग्नाच्या फोटोची त्यांची ही ठरलेली रीत होती.

दोन दिवसांनी, फोटो कधी मिळेल ते विचारायला मला एकटीला पाठवलं. फोटोवाले खिडकीपाशी उतरत्या मेजावर ताईच्या फोटोची काच ठेवून बसले होते. काचेवर टोकदार पेन्सिलीने बारीक टिंबं दिली की छापताना तिथला डाग उजळून निघतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "वण ठेवू का काढू? वडिलांनी काही सांगितलंय?"

वडिलांनी काहीही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "काढा म्हणालेत."

आज मी पुष्कळ कारणं देऊ शकते. तिचं भलं व्हावं हे तर होतंच. पण माझाही नंबर तिच्या मागे अडकला होता, आणि ते खोटं बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

फोटो तयार झाल्यावर वडिलांनी कोर्टातून परस्पर नेला आणि डाक निघायच्या घाईत तिथूनच पाठवून दिला. उरलेली एक प्रत संध्याकाळी घरी आली. ताईने ती दिव्यापाशी नेऊन बघितली.

"ही कोण?"

"कोण म्हणजे? तूच ती," वडील म्हणाले.

"मी? मग मला कशी कधी भेटली नाही?"

वडील खरंच चकित झाले होते. फोटोवाल्याने आपल्या मनाने केलं असेल, असं ते म्हणाले. आई म्हणाली, सगळेच करतात. मी चुलीपुढे जाऊन लाकडं पुढे सारत बसले, ती पुढे सारायची काही गरज नव्हती.

पंधरा दिवसांत उत्तर आलं. मुलगी पसंत आहे, तिथी काढावी. आईने देवापुढे साखर ठेवली. वडील ओटीवर उगाच फेऱ्या घालू लागले. ताई तांदूळ निवडत होती, ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बाबा, त्यांना ती पसंत पडलीय. मी नाही. मी पाटावर जाऊन बसले आणि अंतरपाट दूर झाला, की त्या माणसाचं तोंड मला बघायचं नाही."

"लग्न झाल्यावर कोणी एवढं बघत नाही गो," आई म्हणाली.

"मी बघते ना. रोज आरशात."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन स्टुडिओत गेली. विचारून नव्हे, सांगून गेली. रस्ताभर मला एकच धास्ती, फोटोवाले आता माझं नाव घेणार. पण ताईने त्यांना काहीच विचारलं नाही. ती सरळ स्टुलापाशी गेली, स्टूल तिने स्वतःच्या हाताने फिरवलं आणि काचेची कौलं डाव्या बाजूला येतील असं ठेवलं. सकाळी खिडकीशी उभी राहून वेणी घालताना कुठल्या उजेडात काय दिसतं, हे तिला दहा-अकरा वर्षं माहीत होतं. त्यासाठी तिला कुठल्या मुलाने शिकवावं लागलं नव्हतं.

"अहो बाई, असं सगळं दिसेल," फोटोवाले म्हणाले.

"दिसायलाच काढतोय. आणि काचेला पेन्सिल लावायची नाही."

"निदान चादर तरी…"

"चादर नको."

त्यांनी चादरीची चौकट भिंतीशी नेऊन ठेवली. पण माणूस भला. काळ्या कापडाखाली शिरण्याआधी त्यांनी एक धुतलेलं पांढरं धोतर घडी करून माझ्या हातात दिलं आणि डोळ्यांनी खूण केली. मी समजले. ताईच्या सावलीच्या बाजूला उभी राहून मी ते दोन्ही हातांनी हळूच वर धरलं. तिच्या उजव्या गालावर लगेच मऊ उजेड पसरला, वण निम्मे पुसट झाले. मला वाटलं, एवढ्याने काय बिघडतंय? एवढं तर चालेल.

ताईने मान हलवली नाही. फक्त डोळे माझ्याकडे वळवले.

"खाली घे गो ते."

मी हात खाली घेतले आणि त्याच क्षणी फोटोवाल्यांनी भिंगावरचं झाकण काढलं. एक, दोन, तीन. तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. मुलाने ठिपक्यांचं सांगितलं तेव्हा मी उठून फोटोपाशी गेले आणि भिंग घेऊन बघितलं. दुसरा, धोतराच्या उजेडाचा ठिपका कुठेच नव्हता. माझे हात वेळेवर खाली आले होते, याचा मला साठीत आनंद झाला.

फोटोच्या पाठीवर ताईने आपल्या बाळबोध अक्षरात लिहिलं, 'आधीचा फोटो पेन्सिलीने सुधारलेला आहे. मी अशी आहे.' पाकीट बंद करून तिने वडिलांच्या टोपीशेजारी ठेवलं. ते दोन दिवस तिथेच होतं. आई त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी वडील कोर्टात जायला निघाले, टोपी घातली, दारापर्यंत गेले, मागे फिरले आणि पाकीट खिशात घालून गेले. आमच्या वडिलांना कोणी शूर म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. साहेबापुढे त्यांचा आवाज फुटत नसे. पण त्या दिवशीचं ते मागे फिरणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. भगवती बंदराकडे आगबोटीचा भोंगा झाला की आई हातातलं काम थांबवायची. एक बोट गेली, दुसरी गेली. फाल्गुन संपला. शेजारणी तिथी विचारायच्या आणि आई काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. ताई मात्र रोजच्यासारखी विहिरीवर गाणी म्हणायची, फक्त जेवताना तिचा भात पानात उरू लागला. तिला ते स्थळ मनातून हवं होतं, हे मला तेव्हा कळलं. तोवर मला वाटे, तिला कशाचंच काही वाटत नाही.

चैत्रात एका दुपारी पोस्टमनने जाड पाकीट आणून दिलं. वडिलांनी ते दाबून बघितलं. आत पुठ्ठा होता.

पुठ्ठा म्हणजे फोटो, आणि फोटो परत आला म्हणजे नकार. कारण लिहायची कोणाला गरज पडत नसे. मुलीचा फोटो परत पाठवला की समजायचं. आई होती तिथेच खाली बसली. वडिलांनी पाकीट न फोडताच कोनाड्यात ठेवायला हात वर केला.

"द्या इकडे," ताई म्हणाली. "माझं तोंड आहे, मीच बघते."

तिने पाकीट फोडलं, फोटो अर्धा बाहेर ओढून बघितला. मग पत्र काढून तिने वडिलांच्या हातात दिलं. वडिलांनी ते वाचलं, चष्मा पुसला, आणि मग आईला ऐकू जाईल असं पुन्हा मोठ्याने वाचलं.

"दुसरा फोटो ठेवून घेतला आहे. पहिला परत पाठवीत आहे, तो आमच्या उपयोगाचा नाही. तिथी कळवावी."

आई रडायला लागली, वडील नाक शिंकरायला अंगणात गेले. ताई तशीच उभी होती. तिची बोटं पाकिटाला घट्ट धरून होती. फोटोत इतके सैल राहिलेले तेच हात. मग तिने तो गुळगुळीत गालांचा फोटो माझ्यापुढे धरला.

"घे. हा तू ठेव."

"मी कशाला?"

"काढा म्हणून सांगितलंस ना त्यांना? मग तुझाच तो."

तिला पहिल्या संध्याकाळपासून माहीत होतं. स्टुडिओत एकटी कोण गेली होती, हे घरात तिच्याएवढं कोण लक्षात ठेवणार? माहीत असूनच ती मला बरोबर घेऊन गेली होती, आणि माहीत असूनच तिने माझ्याकडे तसं बघितलं होतं. मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली, "पुरे गो, लुगडं भिजतंय."

दुसरा फोटो शेवटपर्यंत तिच्या यजमानांच्या टेबलावर होता. दोघंही गेल्यावर भाच्याने तो मला आणून दिला. पहिला माझ्याच ट्रंकेत आहे. कधी ट्रंक उघडली की नातवंडं तो उचलतात आणि विचारतात, "आजी, ही कोण गं? किती छान आहे!"

"ही कोणी नाही," मी म्हणते. "ताईआजी ती भिंतीवरची."