कावळ्यांना लावून दिलेल्या पाट्या

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी तलावावरच्या काकांचं नाव घेतो. घरचे रागावत नाहीत, त्यांनाही ते माहीत आहे. काका आठवले की आधी त्यांचं वाकवलेलं बोट दिसतं. टरबुजापाशी उकिडवे बसायचे, दोन टकटक करायचे, कान खाली न्यायचे आणि घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, “थांब बावा, त्याले बोलू दे.”

कच्चं टरबूज टणटण वाजतं, पिकलेलं जड आवाज देतं. हे मला त्यांनीच शिकवलं. एकदा कच्चं टरबूज वाजवून झाल्यावर त्यांनी तेच बोट माझ्या डोक्यावर वाजवलं. म्हणाले, “दोघंबी सारखेच बोलून राह्यले.”

आमच्या गावचा तलाव उन्हाळ्यात मागे सरकतो आणि काळ्या गाळाची जमीन उघडी पडते. तिथे पाऊस येईपर्यंत पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. गावातले लोक आणि पलीकडच्या बंजारा तांड्यावरचे लोक चिठ्ठ्या टाकून पट्टे वाटून घेतात. अगदी पाण्याजवळचा पट्टा कोणाला नको असतो, कारण तिथे बैलगाडी रुतते. काका तांड्यावरचे. ते मात्र तोच पट्टा मागून घ्यायचे. तिथून पाणकावळे पंख वाळवताना दिसतात, एवढंच कारण सांगायचे.

त्यांच्या वाडीच्या कोपऱ्यात एक टरबूज कोल्ह्याचं असायचं. चांगलं पिकलेलं, मुद्दाम फोडून ठेवलेलं. कोल्ह्याला पिकलेलं मिळालं नाही तर तो शोधत दहा ठिकाणी दात लावतो, असं त्यांचं म्हणणं. काकूला हे पटत नसे. मला कळू नये म्हणून ती त्यांच्याशी तांड्याच्या गोरबोलीत बोलायची, पण सूर असा असायचा की मला सगळं कळायचं. मग तीच मला हाताला धरून जेवायला बसवायची. ज्वारीची गरम भाकर आणि झिंगे-वांग्याचं कालवण. झिंगे त्याच सकाळी तलावातून काढलेले असायचे. तसं कालवण मी यवतमाळच्या एकाही खानावळीत खाल्लं नाही.

त्या वर्षी मी यवतमाळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. आधीच एकदा नापास झालो होतो. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं की या वेळी राहिलास तर नेरच्या खताच्या दुकानात लागायचं. त्यांचंही चूक नव्हतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे शिकताना किती वेळा पडायचं असतं हे सांगणारं कोणी नव्हतं. सगळी मदार एका प्रकल्पावर होती. विषय मी निवडला होता टिटवी. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते आणि आमची गाळपेर तर टिटव्यांनी भरलेली.

मला चौदा घरटी सापडली. अंडी अशी मातीच्या रंगाची की दोन पावलं मागे सरकलं की हरवायची. म्हणून मी आईच्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या तुराट्यांना बांधल्या आणि प्रत्येक घरट्याजवळ एक एक रोवली. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. काका त्या आठवड्यात लग्नाला बाहेरगावी गेले होते.

आठ दिवसांत नऊ घरटी रिकामी झाली. मुंगूस असेल, कुत्रं असेल, मी वहीत अंदाज लिहीत होतो. काका परत आले, बांधावर बसले, तंबाखू मळत अर्धा तास नुसतं पाहत राहिले. मग मला हाक मारली. एक कावळा झेंडीवर उतरला, खाली पाहिलं, उडाला, पुढच्या झेंडीवर उतरला. बाजारात दुकान धुंडाळणाऱ्या माणसासारखा.

“साहेब,” काका म्हणाले, “तू कावळ्यायले पाट्या लावून देल्या.”

मला रडू आलं. घरटी गेली, प्रकल्प गेला, वर्ष गेलं. पळत जाऊन उरलेल्या पाच झेंड्या उपटाव्या म्हणून मी उठलो, तर त्यांनी दंड धरला. नुसत्या उपटून भागणार नव्हतं. कावळ्याने जागा हेरून ठेवलेली असू शकते. आधी त्याला झेंड्यांचाच कंटाळा आला पाहिजे.

त्या दुपारी काकूच्या पेटीतला जुना लाल घागरा बाहेर निघाला. दिवसभर ती बडबडली, आणि बडबडत बडबडत तिनेच तो टराटरा फाडला. शेजारच्या पट्ट्यांवरच्या बायकांनी पोलकी दिली, पदर दिले. कोणी तरी नवऱ्याचं चांगलं धोतरही आणलं, ते परत पाठवावं लागलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गाळपेरीत दोन-अडीचशे झेंड्या फडफडत होत्या, जुन्या पाचही आम्ही घरट्यांपासून दूर हलवल्या होत्या, आणि आता एकीखालीही अंडं नव्हतं. रस्त्यावरून जाणारी एसटी हळू झाली. ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं, कोणत्या पार्टीचा प्रचार आहे. काकूने लगेच सांगितलं, “टिटवीचा. बटन दाबजो.”

तीन दिवस कावळे झेंडीन् झेंडी तपासत हिंडले. चौथ्या दिवशी त्यांनी नाद सोडला आणि बसथांब्यावरच्या भजीच्या गाडीकडे गेले. पाचपैकी तीन घरट्यांत पिल्लं निघाली. मळक्या कापसाच्या बोंडांना पाय फुटावेत तशी ती वेलांमधून पळायची, आणि काका टरबूज तोडायचं सोडून त्यांना वाट करून द्यायचे.

मी वही पूर्ण केली आणि मोठ्या हौसेने त्यांना वाचून दाखवली. काकांना वाचता येत नव्हतं, पण ऐकताना त्यांचं एक अक्षर सुटत नसे. नऊ घरट्यांपाशी मी लिहिलं होतं, “कावळ्यांनी अंडी खाल्ली.” त्यांनी विचारलं, झेंड्या कोणी लावल्या ते कुठे आहे?

मी वही मिटली. मग म्हणालो की ते लिहिलं तर मला नापास करतील, आणि मग नेरचं दुकान ठरलेलं आहे.

काका रागावले नाहीत. त्यांनी गाळाचं एक ढेकूळ उचलून बोटांनी कुस्करलं.

“तुही वही वाचून उद्या दुसरं कोणी अंडे मोजाले जाईन,” ते म्हणाले. “थोबी झेंड्या लावन. मंग?”

त्या रात्री मी ते पान फाडलं आणि नवं लिहिलं. झेंड्या, चिंध्या, कावळे, माझी चूक, सगळं. तीच वही जमा केली.

तोंडी परीक्षा जुलैत झाली. तोवर पाणी चढलं होतं आणि काकांची वाडी तलावाखाली गेली होती. मी धावत सांगायला गेलो तर त्यांच्या वाडीतल्या झोपडीच्या जागी पाणी हलत होतं. तांड्यावर कळलं की काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीने दोघांना महागावकडे नेलं होतं आणि आता तिकडेच ठेवून घेतलं होतं. फोनवर ते नीट बोलत नसत. दोन वाक्यं ओरडून सांगायचे आणि फोन काकूच्या हातात द्यायचे. म्हणून निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं; लांबत गेलेलं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं. ते असं होतं:

काका, नमस्कार. काकूला नमस्कार. हे पत्र नातीकडून सावकाश वाचून घ्या.

परीक्षेला बाहेरून एक मॅडम आल्या होत्या. झेंड्यांच्या पानावर थांबल्या. त्यांनी विचारलं, हे लिहिलं नसतं तर मला कळलं असतं का? मी म्हणालो, नाही. मग का लिहिलं? मी सांगितलं की नाही तर पुढचा माणूसही झेंड्या लावेल. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या सरांना ते पान पुढच्या वर्गाला आधी वाचायला द्यायला सांगितलं.

मी पास झालो, काका. बाबांनी निकालाचा कागद गावात चार घरी नेऊन दाखवला आणि तो अजून त्यांच्याच खिशात आहे.

एक गोष्ट मात्र परीक्षेत मी सांगितली नाही. वहीवर माझं एकट्याचं नाव आहे, आणि ते खरं नाही. म्हणून मी तिची दुसरी प्रत हाताने उतरवून काढली. तिच्यावर आधी तुमचं नाव आहे, मग काकूचं, आणि शेवटी माझं. ती सोबत पाठवतो आहे. तुमचं नाव मी तुम्हाला कधी लिहून दाखवलं नव्हतं. पट्टी उतरली की स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पहिल्या पानावर सगळ्यांत वरची ओळ, ते तुम्ही आहात.