पाय लागला की

लोणावळ्यात आमच्या जिउ-जित्सूच्या क्लासला मळवलीचा एक बंगला सांभाळणारे भाऊ येतात. ही कुस्ती जमिनीवर लोळून खेळायची, त्यात पाय लागणारच. पण भाऊंचा पाय कुणाला लागला, की ते डाव सोडून त्याला हात लावून नमस्कार करतात. सरांनी लाख सांगितलं. "सवय हाय, जात न्हाई," एवढंच उत्तर.

परवा त्यांनी मला पार दाबून ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांचा पाय माझ्या खांद्याला लागला. नमस्काराचा हात येणार हे मला ठाऊकच होतं. आला, तसा धरून पिरगळला. त्यांनी गादीवर थाप मारून हार मानली. मी खुशीत उठायला लागलो.

"थांबा जरा," म्हणत भाऊंनी तोच दुखरा हात माझ्या खांद्याला लावून छातीशी नेला. "मघाचा नमस्कार ऱ्हायलाय."