पेरूचं फूल आणि शेवटचं नाव

डोन्या निदियाच्या ओसरीवर लाकडी चौकटी भिंतीला टेकलेल्या असत आणि बाकावर शिकणाऱ्या मुली. चौकटीत कापड ताणायचं, त्यावर सुईने दोऱ्याची चाकं भरायची, कसाव्याची खळ लावून उन्हात वाळवायची आणि शेवटी कात्रीने लेस कापडापासून सोडवायची. आमच्या इताउगुआत हे काम घरोघरी चालतं. पण पेरूच्या फुलाची नक्षी निदियाच्या आईची, ती शिकावी तर निदियाकडेच, असं सगळे मानत. मिर्ताही त्याच बाकावर शिकली. पुढे निदियाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहिली.

मग मिर्ताने फोनवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. राजधानी आसुन्सिओनहून मुली तिच्या दारात येऊ लागल्या आणि निदियाचा बाक रिकामा पडला. निदियानेही सुनेकडून, लिलियानकडून, व्हिडिओ काढून घेतले. ते कोणी पाहीना.

मी शेजारीण. दुपारी आम्ही एकाच भांड्यातून आळीपाळीने तेरेरे, थंड पाण्यातला पाल्याचा चहा, प्यायचो आणि निदियाच्या मांडीवर फोन असायचा. फोनमध्ये मिर्ता.

"बघा हो, डोन्या तेओफिला, केवढा ढिला टाका! माझ्याकडे असती तर उसवायला लावला असता."

"मग बघतेस कशाला?"

"चूक दिसायला नको?" ती व्हिडिओ मागे नेऊन तोच टाका पुन्हा बघायची. "फूल माझ्या आईचं आणि मिरवतेय ही."

एकदा ती सुनेवर उखडली. "तुझा हा फोनच फितूर आहे. उघडला की आधी मिर्ता! पैसे चारले असतील तिने."

लिलियान अंगणात कपडे वाळत घालत होती. "पैसे कुणी चारत नाही, आई. लोक कुठपर्यंत बघतात, कुठे सोडून जातात, यावर त्या यंत्राची नजर असते. लोक ज्याच्यापाशी थांबतात तो व्हिडिओ ते आणखी चार जणांपुढे ठेवतं. आणि ज्याला जे बघायची सवय, त्याला तसलंच दाखवतं. डोन्या मिर्तांचा प्रत्येक व्हिडिओ मागे-पुढे करत शेवटपर्यंत कोण बघतं?"

"मी चुका काढत होते!"

"ते त्याला काय कळणार? त्याला वाटलं, तुम्हाला त्यांच्यावाचून करमत नाही."

मी हसले, तशी माझी प्यायची पाळी असताना निदियाने तेरेरे स्वतःच संपवलं.

"आणि माझ्यापाशी का नाही थांबत कोणी?"

लिलियान घुटमळली. निदियाचे व्हिडिओ नमस्काराने सुरू होत, गावच्या रेडिओवर करतात तसे, नावं घेत. आधी फादर, मग खालच्या आळीतली बेनिग्ना, तिची मुलं, जावई, बेकरीवाला. एखादं नाव राहिलं तर वर्षभराचा रुसवा. मिर्ताचं तेवढं मुद्दाम गाळलेलं. सुई हातात येईपर्यंत ऐकणाऱ्याला जांभया.

"लोक आपलं नाव ऐकतात आणि बंद करतात," लिलियान म्हणाली. "परके तर त्याच्या आधीच पळतात."

निदियाने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी भांड्यात पाणी ओतू लागले. माझं नाव बेनिग्नाच्या जावयानंतर येत असे.

पुढचा व्हिडिओ कात्रीने सुरू झाला. पेरूचं फूल कापडावरून अलगद सुटलं, आणि मग ते कसं भरलं ते. नावं अगदी शेवटी. सगळी गल्ली नावासाठी बसून राहिली. बेनिग्ना भांडायलाही आली, "फादरच्या पाठोपाठ मी, असं होतं ना? मग बेकरीवाला मध्ये कसा घुसला?"

काही आठवड्यांनी दोन अनोळखी मुली चौकटी घेऊन ओसरीवर आल्या. निदियाने बाक पुसला, गरम चिपा-पाव पुढे ठेवला.

"माझा व्हिडिओ कुठे दिसला गं, पोरींनो?"

"डोन्या मिर्तांचा बघत होतो, त्याच्याखाली आला."

निदियाचा चेहरा खळ लावलेल्या लेससारखा ताठ झाला. मुलींना तिने पहिलं चाक मन लावून शिकवलं. त्या गेल्यावर मात्र कितीतरी वेळ नुसता दोरा गुंडाळत बसली.

"म्हणजे तिच्या ताटातलं उष्टं," ती पुटपुटली.

"आता तरी डोन्या मिर्तांचं नाव घ्या, आई. त्यासाठी त्याही बघतील."

"बघतच असेल ती. चुका काढायला." हे म्हणताना तिला एकदम बरं वाटलं, ते मला स्पष्ट दिसलं. "घेऊ की नाव. पण सगळ्यांच्या शेवटी. माझा एकेक टाका बघितल्याशिवाय तिला ते ऐकायला मिळता कामा नये."