जल्म कुठला तुमचा?

समोरचा माणूस नेमका कुठल्या जागी जन्मला हे कळल्याशिवाय त्याच्या हातचा चहासुद्धा घेऊ नये, असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. गाव-तालुका असल्या मोघम उत्तरांनी आबांचं समाधान होत नसे. त्यांना जागा लागे: चुलीपुढे की ओसरीवर, गोठ्यात की बांधावर. चाकणजवळच्या त्यांच्या गावात ते कुणाची ओळख करून देताना नाव सांगायचं विसरत, पण ‘हा कांद्याच्या वखारीतला’ हे विसरत नसत. तो गृहस्थ लग्नाबारशात पटकन रडतो याचं कारणही त्यांच्या मते तेच. त्यांचा एक चुलतभाऊ चालत्या बैलगाडीत जन्मला होता. तो कुठल्याच नोकरीत टिकेना, सगळा गाव त्याला बोल लावी, एकटे आबा त्याची बाजू घेत. “गाडीच थांबली न्हाई, तर त्यो कुठनं थांबल?”

मला पाहायला ते भोसरीत माझ्या भाड्याच्या खोलीवर आले. मी मराठवाड्यातून आलेला, वर्कशॉपमध्ये लेथ चालवणारा, मुळातच मुखदुर्बळ. पगार, शिफ्ट, घरची माणसं, काही विचारलं नाही. “पाव्हणं, जल्म कुठला तुमचा?” मी म्हणालो, सरकारी दवाखान्यातला. त्यांचा चेहरा पडला आणि ते पायाने चप्पल चाचपायला लागले. मग मी घाबरून सगळं सांगितलं: आत खाट रिकामी नव्हती, म्हणून आईला बाहेर व्हरांड्यात घोंगडीवर निजवलं होतं, आणि तिथेच मी झालो. आबा पुन्हा टेकले. व्हरांडा म्हणजे अर्धं घरच की, असं म्हणून त्यांनी चहा घेतला. माझं लग्न त्या व्हरांड्यावर जमलं.

स्वतः आबा शेतातल्या खोपटात जन्मले. ते शेत पुढे कंपनीत गेलं आणि खोपटाच्या जागी गाड्या उभ्या करायचं मैदान झालं. तारीख त्यांना ठाऊक नव्हती. भुईमूग उपटायच्या सुमारास झालो, एवढंच आईने सांगितलेलं. त्या दिवसांत कधीतरी ते धुतलेलं धोतर नेसून कंपनीच्या गेटवर जात. उत्तरेकडच्या वॉचमनने पहिल्यांदा विचारलं होतं, किससे मिलना है बाबा? आबा म्हणाले, “मलाच.” त्या परमुलखातल्या माणसाला काय समजलं कोण जाणे, पण त्याने आत सोडलं, आणि नंतरही सोडत राहिला. एकदा मी सोबत होतो. दुपार कलली होती. नव्या गाड्यांच्या रांगांवर ऊन पाण्यासारखं हलत होतं, आणि दोन पांढऱ्या गाड्यांच्या फटीत आबा डोळे मिटून उभे होते. फर्स्ट शिफ्ट सुटली, माणसं त्यांना वळसा घालून गेली. झोपेत चालल्यासारखी, बिनआवाजाची. परतताना म्हणाले, आईचं कण्हणं अजून आहे तिथं, तुम्हाला ऐकू आलं ना? मला काही ऐकू आलं नव्हतं. मी हो म्हणालो. हो म्हणणं मला आयुष्यभर सोपं गेलं आहे.

बायको पहिलटकरीण, माहेरी आलेली. आबांनी परसालगतची खोली शेणाने सारवून घेतली, बाज आवळली, आणि ती नीट आहे का पाहायला स्वतःच अर्धा दिवस तिच्यावर पडून राहिले. शेवटी सासूबाई दारातून म्हणाल्या, “उरकलं का बाळंतपण? मग जेवून घ्या.” दवाखान्याचं नाव काढलं की आबा म्हणत, एकाच खाटेवर सतरा गावची पोरं, त्या खाटेला तरी कळत असेल का कोण कुठलं? बायको ऐकून घेई. एका संध्याकाळी वाळलेले कपडे काढता काढता ती हळूच म्हणाली, “डॉक्टरीणबाई म्हणतात बीपी चढतंय. मला भीती वाटते हो. दवाखान्यातच न्या. पण आबांना तुम्ही सांगा, माझ्याच्यानं नाही व्हायचं.” मी हो म्हणालो. पुढे आबांनी विचारलं, घरीच ना पाव्हणं? त्यांनाही हो म्हणालो. मध्ये सांगायला कितीतरी गुरुवार होते, वर्कशॉपला सुट्टी, आबा समोर. मी त्यांच्यासोबत शेंगा फोडत बसलो.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी ‘जरा तपासून आणतो’ म्हणून मी तिला जीपमध्ये घातलं. आबांनी मान डोलावली आणि परसात चुलवणावर पाण्याचा हंडा चढवला. दुपारी ऑपरेशन करून मुलगी झाली. वेळेत आणलंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी गावात निरोप धाडला तो थेट दिवस मावळताना. तोवर तो माणूस हंड्याखाली लाकडं सारत बसला होता.

ते आले तेव्हा अंगाला धुराचा वास होता. रागावले नाहीत. नातीकडे खूप वेळ पाहत राहिले. “पोर तुमच्या मनासारकी झाली, ब्येस झालं. वार तेवढी आमाला द्या. आपल्या परसात पुरू, म्हंजी ती हितली व्हईल.” मी हो म्हणालो आणि सिस्टरांच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत दोघीतिघी हसत डबा खात होत्या. बाळामागून पडलेली वार परत मागायची कशी, कुठल्या शब्दांत? मी तसाच जिना उतरलो. कुंभाराकडून मडकं घेतलं, मटणाच्या दुकानातून बोकडाची कलेजी घेतली, आणि वर तांबडं फडकं घट्ट बांधलं.

आबा माळकरी. शेजारी अंडं फुटलं तर आंघोळ करणारे. त्यांनी ते मडकं दोन्ही हातांत घेतलं, छातीशी धरलं, आणि एसटीत मांडीवर ठेवून घरी नेलं.

हळदकुंकू वाहून पुरलं, वर कढीपत्ता लावला. तो असा माजला की साऱ्या आळीची फोडणी त्याच्यावर चाले, आणि आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, नातीच्या जागेचा गुण. तिला सुट्टीत ताप आला की तिथे सावलीत बसवत. मी मात्र पोह्यांतला कढीपत्ता आजवर वेचून बाजूला काढत आलो. जावई चोखंदळ आहे, असं सासरी समजतात.

मुलगी आता माणच्या आयटी पार्कात नोकरीला आहे. यंदा सातव्या महिन्यात आजोळी आली आणि तिने जाहीर केलं, बाळंतपण दवाखान्यातच, पण वार आणणार, माझ्याशेजारी पुरायची. मी विचारलं, देतात? “आधी सांगून ठेवायचं पप्पा, एवढंच.”

आबा उठले. आता पाठीत वाकलेत. काठीने कढीपत्त्याभोवतीची माती दाबत जागा बघू लागले. मऊ कुठे, कडक कुठे. ते मला बघवेना. मुलगी आत गेल्यावर जवळ जाऊन म्हणालो, “आबा, त्या मडक्यात वार नव्हती. मी मागितलीच नाही. दुकानातली कलेजी होती.”

त्यांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला आणि तिथेच राहिला. पानं हलत होती, लांबून कंपन्यांची घरघर येत होती. मग म्हणाले, “तुमच्या लेकीला ठावं हाय?”

“नाही.”

त्यांनी नातीला हाक मारली, चप्पल काढायला लावली आणि झाडाखाली उभं केलं. पोट पुढे आलेलं, पावलं सुजलेली. आबा आतून तांब्या घेऊन आले आणि तिच्या पायांवर पाणी घालू लागले. ती हसायला लागली, म्हणाली, हे काय नवीन?

“उगं उभी ऱ्हा,” आबा म्हणाले. “काई जण उशिरा जल्मत्यात.”

अर्ध्यावर त्यांचा हात थकला. माझ्याकडे न बघता त्यांनी तांब्या पुढे केला. मी उरलेलं पाणी घातलं, अगदी सावकाश, आणि ते मातीत मुरेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो.